साडेचार तासांचं विमान

कंट्रोलर आयुष्यात वेळेबद्दल एकदाच खोटं बोलले, आणि ते खोटं दहा हजार चारशे किलोमीटर लांबीचं होतं.

बस आगारात त्यांनी बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. फलाटाच्या टोकाला जाळीची खिडकी, खिडकीमागे ते, पुढ्यात गाड्यांच्या नोंदीचं जाडजूड रजिस्टर आणि गळ्यात शिट्टी. सहा सत्तावन्नची गाडी सहा सत्तावन्नलाच सुटायची. सहा अठ्ठावन्नला सुटली तर त्यांचा दिवस वाईट जायचा. एकदा आगारप्रमुखांचे मेहुणे दोन्ही हातांत बॅगा घेऊन फलाटावर धावत येत होते. आगारप्रमुख स्वतः खिडकीशी उभे राहून अर्धा मिनिट थांबा म्हणत होते. कंट्रोलरांनी त्यांच्याकडे बघत बघत शिट्टी मारली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर ते दोन मिनिटं पुढे निघालं. भाषणं चालू असतानाच कंट्रोलरांनी ते खोक्यातून काढून नीट लावलं आणि मग आभाराला उभे राहिले.

त्यांच्या बायकोला सगळे कंट्रोलरीणबाई म्हणत. बाईंनी मनगटाला कधी घड्याळ बांधलं नाही. "किती वाजले हो?" एवढं विचारलं की काम भागायचं. नवऱ्याचं सगळंच त्यांना पटायचं असं मुळीच नाही. त्यांना भाजी निवडता येत नाही, माणसं ओळखता येत नाहीत, आणि डब्याचं झाकण ते नेहमी उलट्या बाजूला फिरवतात, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. पण वेळेच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द शेवटचा. तिथे त्यांनी कधी शंका काढली नाही.

या दोघांची एकुलती एक लेक दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दात घडवायची. तिचा हात इतका सुबक होता की तिने केलेला दात खऱ्या दातांच्या रांगेत ओळखू यायचा नाही. तिचं काम बघून एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं, आणि ती प्रयोगशाळा निघाली पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला. कंट्रोलरांनी आधी अंतर काढलं. दहा हजार चारशे किलोमीटर. मग सवयीने त्याचा हिशेब बसने केला. ताशी पन्नासने, कुठेही न थांबता, चहापाणीसुद्धा न करता, आठ दिवस सोळा तास. तो कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला आणि बायकोला दाखवला नाही.

दाखवला नाही याला कारण होतं. बाईंची आई आजारी पडली तेव्हा बाई तिच्यापासून दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब होत्या. गाड्या बदलत बदलत पोचल्या तोवर घरात माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली होती. तेव्हापासून बाईंनी मनाशी एक नेम केला होता. आपलं माणूस इतक्याच लांब असावं, की सकाळचा चहा घेऊन निघालं तर दिवे लागायच्या आत त्याच्या दारात पोचता आलं पाहिजे. त्यापलीकडची लेकीची दोन चांगली स्थळं आणि एक चांगली नोकरी याच नेमापायी हातची गेली होती.

लेकीने तिकिटाचा कागद आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा बाईंनी चष्मा लावून तो स्वतः वाचला. सुटण्याची वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. पोचण्याची वेळ, त्याच तारखेला, दुपारी दोन चाळीस. बाईंनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"साडेचार तास?"

आता, तिकडची घड्याळं इकडच्यापेक्षा आठ तास मागे होती. विमान खरं साडेबारा तास उडायचं होतं. पण कागदावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. घड्याळं मागे असतात हे बाईंनाही ऐकून ठाऊक होतं. पण तिकडे थंडी असते, तिकडे रस्ते रुंद असतात, तसंच तेही एक. ते आठ तास तिकिटात मिळवायचे असतात हे त्यांच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. लेकीने तोंड उघडलं आणि बाबांकडे बघून मिटलं. बाईही नवऱ्याकडे बघत होत्या.

"साडेचारच ना हो?"

कंट्रोलरांनी तिकिटाचा कागद हातात घेतला. एका बाजूला बत्तीस वर्षांची नोकरी, दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या कडेवर बसलेली लेक.

"कागदावर तसंच आहे," ते म्हणाले.

तेवढंच. दोन आठवड्यांनी लेक गेली, आणि साडेचार तास घरात राहायला आले. बाईंनी ते जिन्यात सांगितले, दुकानात सांगितले, गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितले. धाकट्या बहिणीकडे जायला बसने सहा तास लागतात, म्हणजे लेक बहिणीपेक्षा जवळ आहे असं त्या लोकांना पटवून द्यायच्या. ऐकणारे निम्मे लोक मान डोलावायचे. खालच्या मजल्यावरचे वकील मात्र एकदा जिन्यात थबकले आणि "बाई, पण ते घड्याळाचं..." असं काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात कंट्रोलरांनी त्यांचा दंड धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या.

खाली नेऊन त्यांनी वकिलांना सगळं सांगितलं. वकिलांनी ते शांतपणे ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि मत दिलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत, समोरच्या माणसाचा गैरसमज झाला आणि तुम्ही त्याला हात लावला नाहीत, हा वेगळा प्रकार आहे. कोर्टात तुम्ही सुटाल. घरात सुटाल असं मात्र मी लिहून देणार नाही.

आठ महिने असे गेले. मग एके दिवशी बाईंनीच विषय काढला. साडेचार तासांवर लेक आहे आणि आपण अजून तिचं घर बघितलं नाही, हे लोकांना काय सांगायचं? लेकीने तिकिटं पाठवली. 

खरं सांगून टाकायचा प्रयत्न त्यांनी तीनदा केला. पहिल्यांदा बाई कपाट आवरत होत्या, आणि लेकीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची लोकर कमी तर पडणार नाही ना, एवढ्याच चिंतेत होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी, विमानांचंही काही खरं नसतं, कधी कधी उशीर होतो, अशी दुरून सुरुवात केली. तर बाई हसल्या. तुमच्यासारखा कोणी असेल की तिथे खिडकीत, म्हणाल्या.  तिसऱ्यांदा वाक्य तोंडात तयार होतं, पण फोन वाजला, आणि फोनवर लेक होती.

शेवटी जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. साडेबारा तासांचे साडेचार करायचे म्हणजे वाटेत आठ तास जिरवायचे. दोघांत मनगटी घड्याळ एकच, ते त्यांच्या हातावर. दर तासाला ते चाळीस मिनिटं मागे घेतलं, असं बारा वेळा केलं, की आठ तास बरोबर जिरतात. उतरताना घड्याळ तिकडच्या वेळेला काटेकोर लागलेलं असणार. तसंही तिथे गेल्यावर ते मागे घ्यायचंच होतं, आपण फक्त हप्त्याहप्त्याने घेतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अडचण एकच. बायकोच्या देखत काटे फिरवता येणार नव्हते. त्यासाठी उठून संडासात जायला लागणार होतं. बारा वेळा.

विमानात बाईंना खिडकीची जागा मिळाली, कंट्रोलर मधे, आणि कडेला एक चाळिशीच्या डॉक्टरीणबाई. विमान सुटलं ते बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी, आणि त्याही परिस्थितीत कंट्रोलरांच्या मनात समाधानाची एक झुळूक येऊन गेली. मग कप्तानाने घोषणा सुरू केली. उड्डाणाचा एकूण कालावधी, असं तो म्हणाला मात्र, आणि कंट्रोलरांना खोकल्याची जबरदस्त उबळ आली. ती घोषणा संपेपर्यंत टिकली. पुढच्या सीटच्या पाठीवर एक छोटा पडदा होता, त्यावर विमान कुठे आलं आणि किती वेळ उरला ते दिसत होतं. उजेड तुझ्या डोळ्यांना खुपेल, असं म्हणून त्यांनी बाईंचा पडदा बंद केला. मग आपला केला. इतक्या वर्षांत नवऱ्याला आपल्या डोळ्यांची काळजी पहिल्यांदाच वाटली, म्हणून बाईंना बरं वाटलं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या सुया आणि लोकर काढली आणि स्वेटरची बाही विणायला घेतली.

पहिल्या तासाला कंट्रोलर उठले. डॉक्टरीणबाईंनी पाय आखडून वाट दिली. आत जाऊन त्यांनी कडी लावली, चाळीस मिनिटं जिरवली, हात धुतले आणि परत आले. काही अडचण आली नाही. दुसऱ्या तासाला पुन्हा. दरम्यान जेवण आलं, तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते. इतक्या लवकर जेवायला घालतात, मग लोकांना भूक कशी लागणार, असं बाई म्हणाल्या, पण जेवल्या. जेवणं झाल्यावर हवाईसुंदरींनी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या आणि आजूबाजूची माणसं दिवसाढवळ्या घोरायला लागली. सकाळी अकराला झोपणारी माणसं बाईंनी आजवर पाहिली नव्हती. शिकलेली दिसतात आणि काय ही सवय, असं त्यांनी नवऱ्याच्या कानात सांगितलं.

चौथ्या फेरीनंतर साडेअकराला दुपारचा चहा आला.

"आज माझा हात फार चालतोय हो," बाई बाही उलगडून दाखवत म्हणाल्या. "सव्वा तासात कोपरापर्यंत आले. घरी याला चार तास लागतात."

विमानातली हवा वेगळी असते, असं कंट्रोलर पुटपुटले. त्यांना घाम फुटला होता. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्यांचं आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेलं होतं, ते त्या बोलल्या नव्हत्या. पाचव्यांदा कंट्रोलर उठले तेव्हा बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

नंतर कंट्रोलरांना समजलं ते असं. ते आत कडी लावून काटे फिरवत असताना बाईंनी कडेच्या बाईंची माफी मागितली. तुम्हाला सारखं उठावं लागतंय, पण यांना काहीतरी त्रास दिसतोय. घरी असं नव्हतं. तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारते, दोन तास झाले नाहीत तोवर पाच वेळा, हे साखरेचं असेल का? डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, दोन तास कुठले, पाच तास झाले की विमान सुटून. तासाला एकदा जातायत, त्यात काळजीसारखं काही नाही. मात्र अगदी ठोक्याला जातायत, असा पेशंट मी तरी बघितला नाही.

कंट्रोलर परत आले तेव्हा बाई विणत नव्हत्या. बाही मांडीवर पसरलेली होती आणि बाई ती वितीने मोजत होत्या.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

कंट्रोलरांनी मनगट पुढे केलं. "अकरा पन्नास."

"मग अजून किती राहिलं?"

"दोन तास पन्नास मिनिटं."

"या बाई म्हणतात साडेसात तास."

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने डोळ्यांवर पट्टी ओढली आणि त्या झोपल्या. कंट्रोलरांनी समोरच्या बंद पडद्याकडे बघितलं, त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, तिकिटाचा कागद, आठ तास, वकील, पाकिटाच्या पाठीवरचा हिशेब.  कंट्रोलर थांबले तेव्हा बाईंनी हात पुढे केला आणि घड्याळ मागितलं. देण्याआधी खरी वेळ लावा, म्हणाल्या.

"खरी म्हणजे," कंट्रोलरांनी चाचरत विचारलं, "इथली, तिथली, की घरची?"

प्रश्न अगदी रास्त होता. खाली समुद्र होता आणि तिथे किती वाजले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रास्त प्रश्न विचारायची ही वेळ नव्हती, हे त्यांना बाईंच्या नजरेवरून समजलं. त्यांनी घरची लावली. तीन वाजून दहा मिनिटं. बाईंनी ते घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं, पट्टा सैल होत होता तरी शेवटच्या भोकात अडकवला, आणि नवऱ्याचा पडदा सुरू करायला सांगितला.

उरलेले साडेसात तास बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरीणबाई उठल्यावर त्यांच्याशी मात्र खूप बोलल्या, कंट्रोलरांच्या अंगावरून. एकूण अंतर किती, आत्तापर्यंत किती झालं, हा सूर्य हलत का नाही, विमान सरळ न जाता वर वळसा घालून का जातंय. डॉक्टरीणबाईंनी एक संत्रं घेऊन त्यावर नखाने रेघ ओढून दाखवली. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावर वळसा दिसतो तोच जवळचा रस्ता असतो, हे बाईंना पहिल्या फटक्यात समजलं. गोल घेराच्या स्वेटरला सरळ तुकडा कधी बसत नाही, म्हणाल्या. मधे बसलेल्या कंट्रोलरांना आता खरोखरच उठून जायची गरज वाटत होती. पण त्यांची हिंमत झाली नाही.

दोन चाळीसला विमान उतरलं. बाहेर लेक उभी होती. तिने धावत येऊन आईला मिठी मारली आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारलं.

"तुझ्या बाबांना विचार," आई म्हणाली. "त्यांचा लवकर झाला."

लेकीने बाबांकडे पाहिलं, बाबांनी सामानाच्या गाडीकडे पाहिलं. लेकीला सगळं समजलं. तिने आईचा हात घट्ट धरला, आईने तो सोडवून घेतला नाही. पण घरी जाताना वाटेत, तूही टेबलाशीच बसली होतीस, एवढं एक वाक्य तिला ऐकवलं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. पहिले चार दिवस कंट्रोलरांनी त्यात वनवास भोगला. बाईंनी घड्याळ बदलायला साफ नकार दिला. त्यावर घरची वेळ चालू राहिली, आणि बाईही त्याच वेळेवर चालू राहिल्या. दुपारी साडेबाराला, म्हणजे त्यांच्या रात्री साडेआठला, त्या रात्रीचं जेवण वाढायच्या आणि झाकपाक करून झोपायच्या. कंट्रोलर इकडच्या रात्री जेवायला ताट घेऊन बसले तर स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. काही विचारायची सोय नव्हती. मी कागदावर आहे तसं करतेय, असं उत्तर एकदा मिळालं होतं.

पाचव्या दिवशी लेक कामावर गेल्यावर बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या होत्या. कंट्रोलर दारात येऊन उभे राहिले. बसा, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण समोरची खुर्ची त्यांनी पायाने थोडी मागे सरकवली. कंट्रोलर बसले.

"हिला इकडे आल्यावर ताप आला होता आठवतं?" बाई सुरीवरून नजर न उचलता म्हणाल्या. "चार दिवस. मी रोज रात्री निजताना म्हणायची, तशी वेळ आली तर सकाळी निघेन, जेवायच्या वेळेला तिच्याजवळ असेन. आणि झोप लागायची मला. तुम्ही शेजारीच होता, बघत होता मला झोपलेली."

"म्हणूनच बोललो नाही."

"तुमच्या साडेचार तासांवर मी आठ महिने झोपले. आता परत गेल्यावर कशावर झोपू?"

 कंट्रोलरांनी एक बटाटा उचलला आणि तो नुसताच हातात फिरवत बसले. मग त्यांनी विचारलं, की त्या दिवशी टेबलावर आपण साडेबारा तास म्हणालो असतो, तर तू तिला पाठवलं असतंस का?

"नसतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचार केला. "पण नाही म्हटलं असतं ते मी म्हटलं असतं. मग तुम्ही दोघं चार दिवस माझ्याशी भांडला असतात, ती रडली असती, मी दोन दिवस जेवले नसते. आणि मग कदाचित पाठवलं असतं. ते सगळं तुम्ही दोघांनी मिळून मला करू दिलं नाहीत."

कंट्रोलर म्हणाले, चुकलं. हा शब्द त्यांनी आगारात बत्तीस वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता, त्यामुळे तो जरा मोठ्याने आला. बाईंनी त्यांच्या हातातला बटाटा काढून घेतला. तुम्हाला सोलता येत नाही, म्हणाल्या. संध्याकाळी मात्र जेवण इकडच्या साडेआठला मिळालं.

त्यानंतर दिवस बरे गेले. लेकीने दोघांना प्रयोगशाळा दाखवली. पांढऱ्या धुळीने माखलेल्या लांब टेबलाशी बसून ती वाटाण्याएवढ्या दातावर ब्रशने रंगाचा थर चढवत होती, आणि तिच्या मागे दोन वयस्क कारागीर ते बघत उभे होते. बाईंनी ते नीट बघून घेतलं.  लेकीला तिथे चार माणसं धरून आहेत, कोपऱ्यावरची औषधवाली तिला नावाने हाक मारते, हेही त्यांनी हळूहळू टिपून ठेवलं.

परतीला चार दिवस उरले तेव्हा बाईंनी विचारलं, की जाताना किती वेळ लागतो. कंट्रोलर सावध झाले. आता अर्ध्या मिनिटाचीही लपवाछपवी करायची नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"अकरा तास वीस मिनिटं," ते म्हणाले. "पण घड्याळात एकोणीस तास वीस मिनिटं दिसतील. दुपारी तीनला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीसला उतरतं."

बाईंनी सुई खाली ठेवली. "येताना साडेबारा, आणि जाताना अकरा वीस. रस्ता तोच?"

"जवळपास तोच. पण वर वारा असतो. तो पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. येताना समोरून होता, जाताना मागून ढकलेल."

"सव्वा तास वाऱ्याने वाचतो?"

"एक तास दहा मिनिटं."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आधी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना पदर शोधावा लागला. कंट्रोलरांनी कागद घेतला, बाण काढून वारा दाखवला. त्यांनी जितकं समजावलं तितकं ते बनवलेलं वाटायला लागलं. आगारातली उदाहरणं देऊन झाली, घाटातली चढाची गाडी आणि उताराची गाडी सांगून झाली. शेवटी त्यांनी लेकीला साक्षीला बोलावलं. लेक म्हणाली, बाबा खरं सांगतायत. पण तिच्याही साक्षीला आता वजन राहिलेलं नव्हतं.

जेवताना बाईंनी जाहीर केलं की त्या परत जाणार नाहीत. इतक्यात तरी नाही. दोन महिने राहणार.

"साडेचार तासांवर असती तर गेले असते," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधीही आले असते. दहा हजार चारशे किलोमीटर येऊन तीन आठवड्यांत कोण परत जातं?"

हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. कंट्रोलरांचं परतीचं तिकीट तसंच राहिलं, बाईंचं पुढे ढकललं. घड्याळ बाईंनी ठेवून घेतलं. लेकीने बाबांना तिथल्या दुकानातून दुसरं घेऊन दिलं.

कंट्रोलर एकटे परतले. विमान अकरा तास अठरा मिनिटांत पोचलं. त्यांनी उतरल्या उतरल्या फोन करून ते सांगितलं, तर बाईंनी, जेवलात का, एवढंच विचारलं. पुढचे दोन महिने ते स्वतःचा भात स्वतः करपवून खायला शिकले आणि वकिलांकडे जाऊन बसायला लागले. लेक एकटी होती तेव्हा ती लांब आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, ते त्यांनी फार तर गणित म्हणून पाहिलं होतं. आता दोघी तिकडे होत्या आणि हे इकडे. रोज सकाळी चहा घेताना ते आठ तास वजा करायचे आणि दोघी झोपल्या असतील असं ठरवून फोन खाली ठेवायचे.

बाई यायच्या दिवशी कंट्रोलर विमानतळावर गेले. बाई आयुष्यात पहिल्यांदा एकट्या, आणि त्याही समुद्रापलीकडून येत होत्या. दहा वीसला विमान उतरणार, सामान यायला चाळीस मिनिटं, म्हणजे अकरा. अकराला ते बरोबर बाहेर पडण्याच्या दाराशी उभे होते, नव्या घड्याळात बघून, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही. दारातून माणसं येत होती. बाई येत नव्हत्या. अकरा दहा झाले. कंट्रोलरांनी टाचा उंचावून दाराच्या आत बघितलं. नाही नाही ते विचार डोक्यात यायला लागले. ते चौकशीच्या खिडकीकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली.

बाकावर बाई बसल्या होत्या. पायाशी दोन बॅगा, हातात कागदी पेल्यातला चहा. पेला निम्मा संपलेला होता.

"पाऊण तास झाला मला येऊन," त्या म्हणाल्या. "पस्तीस मिनिटं आधी उतरलं विमान. कप्तान सांगत होता, वारा फार चांगला होता म्हणे."

कंट्रोलरांनी काही बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या डोक्यात बरंच काही आलं होतं, बाण काढलेला कागद, घाटातली गाडी. पण त्यांनी ते सगळं गिळलं आणि बाईंच्या शेजारी बाकावर बसले. बाईंनी उरलेला चहा त्यांच्या हातात दिला. निघताना लेक कशी होती, हे कंट्रोलरांनी विचारलं.

"रडली. मीही रडले. मग विमानात बसले आणि झोपले."

"झोपलीस?"

"जेवण आलं तेव्हा उठवलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "जेवले आणि पुन्हा झोपले. चला आता. बसायचं असेल तर घरी बसू."

कंट्रोलरांनी दोन्ही बॅगा उचलल्या. एक फारच जड होती. ती त्यांनी बस येईपर्यंत खाली ठेवली नाही.